आप्पांच्या गोळ्यांची पिशवी

"ताई, नमस्कार. आम्ही मूळचे इचलकरंजीचे. दोन वर्षांपूर्वी धायरीत फ्लॅट घेतला. मिस्टर नोकरी करतात, मी घरूनच काम करते, मुलगी पाच वर्षांची आहे. सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडे असतात. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वय ७२, यंत्रमागावर जॉबर होते. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गुडघे दुखतात. गावी आमचे एक डॉक्टरकाका आहेत, तीस वर्षं अख्खं घर त्यांच्याकडे जायचं. इथे मात्र शुगरचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, मुलीचे वेगळे. सोसायटीच्या ग्रुपवर चांगला फॅमिली डॉक्टर सुचवा म्हटलं तर अर्ध्या तासात चौदा नावं आली आणि त्यातल्या दोघांवरून वादावादीही झाली. एमबीबीएस बघायचा की एमडी? बीएएमएस चालतो का? आप्पा म्हणतात, मला महिन्यातून एकदा गावी नेऊन आण, इथल्या डॉक्टरला माझं काय कळणार. पण हल्ली सकाळी उठताना त्यांना जरा अंधारी येते, त्यामुळे एकट्याने एसटीने पाठवायची भीती वाटते. काय करू? – धायरीची सूनबाई"

सूनबाई, फॅमिली डॉक्टर कसा शोधायचा हे सांगतेच, पण तुम्ही एक गोष्ट ओघात लिहून गेलात, आधी तिच्याकडे येऊ. अंधारी. तुम्हाला ती एसटीच्या संदर्भात आठवली, मला मात्र पत्रातलं तेच वाक्य सगळ्यात मोठं दिसलं. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या ७२ वर्षांच्या माणसाला उठताना अंधारी येत असेल, तर ते 'वय झालं' म्हणून सोडायचं नाही. उभं राहिल्यावर बीपी एकदम खाली येत असेल, शुगर उतरत असेल, गोळ्या जास्त होत असतील, आणखीही काही असेल. मी डॉक्टर नाही, त्यामुळे नेमकं काय ते मला सांगता येणार नाही. पण याच आठवड्यात त्यांना दाखवून घ्या. शुगरचे जे डॉक्टर आहेत त्यांच्याकडे जा आणि सांगा की बसून आणि उभं करून, दोन्ही वेळा बीपी बघा. घरात ग्लुकोमीटर असेल तर अंधारी येईल तेव्हा शुगर मोजून कागदावर लिहून ठेवा. तोवर आप्पांना सांगा, झोपेतून उठल्यावर पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, मग उभं राहायचं. गोळी मात्र मनाने एकही बंद करू नका. आणि तोल जाऊन पडले, शुद्ध हरपली, बोलणं जड झालं, छातीत दुखलं, तर कोणता डॉक्टर हा विचार करायचा नाही, १०८ ला फोन करून सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आता शोधाकडे वळू. सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही 'चांगला डॉक्टर' विचारलंत, तिथेच गडबड झाली. चांगला म्हणजे काय, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. एकाला दुसऱ्या दिवशी ताप उतरवणारा हवा असतो, दुसऱ्याला एसी आणि पार्किंग हवं असतं, तिसऱ्याला 'सगळ्या टेस्ट करून घेतो' याचंच कौतुक असतं. गूगलवरच्या चांदण्यांचंही तेच. मी एकदा आमच्या भागातल्या दवाखान्यांचे अभिप्राय वाचत बसले होते, तर निम्मे लोक रिसेप्शनवरच्या मुलीवर चिडलेले. चांदण्या गेल्या बिचाऱ्या डॉक्टरांच्या.

त्यापेक्षा खाली मेडिकलवाल्याकडे जा. दुपारी तीनच्या सुमाराला, गर्दी नसताना. गल्लीतल्या सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्याच्या काउंटरवरून जातात. कोण साध्या सर्दीला पाच औषधं लिहितो, कोण दोन लिहितो, कोणाचे पेशंट चार दिवसांनी दुसऱ्याच डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येतात, हे त्याला पाठ असतं. पण त्याला 'चांगला कोण?' असं विचारलंत तर तो शेजारच्या गाळ्यातल्या डॉक्टरचं नाव सांगून मोकळा होईल. त्याला विचारायचं, 'तुमच्या घरचे आजारी पडले की कोणाकडे नेता?' हाच प्रश्न घरी रक्त घ्यायला येणाऱ्या लॅबच्या मुलाला विचारा. आणि सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी ज्या आज्या बसतात त्यांना वेगळं विचारा: 'तुमच्या डॉक्टरांनी औषध न देता कधी परत पाठवलंय का?' जिच्या तोंडून 'हो, मला म्हणाले काही नाही झालेलं, ताक पी आणि झोप' असं काही निघेल, तिच्याकडून डॉक्टरांचं नाव लिहून घ्या. चौदाची तीन नावं तिथेच होतील.

त्या तिघांचे दवाखाने आत न जाता बाहेरून बघा. पहिल्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर आप्पांच्या गुडघ्यांना तो डॉक्टर कितीही हुशार असला तरी उपयोगाचा नाही. रस्ता ओलांडून जावं लागत असेल तर संध्याकाळी सातला धायरी फाट्यावर काय परिस्थिती असते ते मी तुम्हाला सांगायला नको. आप्पा स्वतः चालत जाऊन येऊ शकतील एवढ्या अंतरावर हवा. रविवारी आणि सुट्टीवर गेल्यावर त्यांच्या जागी कोण बघतं, अडीनडीला फोन उचलतात का, आप्पा अंथरुणाला खिळले तर घरी येतील का, हे रिसेप्शनवर विचारलं तर कोणी रागावत नाही. डॉक्टरांचं वयही बघा हो. माझ्या नणंदेनं मोठ्या हौसेनं ६९ वर्षांचे डॉक्टर धरले आणि पुढच्या गुढीपाडव्याला ते मुलाकडे निघून गेले. चाळिशी-पन्नाशीतला डॉक्टर असेल तर तुमच्या मुलीची दहावीही तो बघेल.

आता पदव्या. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यापुढे तीन वर्षं मेडिसिन केलं की एमडी, ज्यांना आपण फिजिशियन म्हणतो. पण पाटीवर नुसतं 'एमडी' दिसलं की पुढे कंसात काय आहे ते वाचा. एमडी फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रातही असतं, आयुर्वेदातही असतं, होमिओपॅथीतही असतं. फॅमिली मेडिसिन हाही आता तीन वर्षांचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तो केलेलं कोणी तुमच्या भागात सापडलं तर सोन्याहून पिवळं, पण अशा पाट्या अजून फार दिसत नाहीत. बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवीही साडेपाच वर्षांचीच असते, आणि आपल्या राज्यात कायद्याने त्यांना काही मर्यादेत ॲलोपॅथीची औषधं देता येतात. गावोगावचे निम्मे दवाखाने त्यांच्याच जिवावर चालले आहेत हे कुणी नाकारू नये. होमिओपॅथीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केलेल्यांना ॲलोपॅथीची परवानगी देणारी दुरुस्ती २०१४ साली झाली, ती कोर्टात गेली, आणि २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून पुन्हा रान पेटलं.

माझं मत विचाराल तर आप्पांची फाइल ज्यांच्या हातात द्यायची ते किमान एमबीबीएस असावेत, कारण त्यांच्या गोळ्या बऱ्याच आहेत आणि त्या एकमेकींशी कशा वागतात हे कळणारं माणूस हवं. त्याशिवाय सहा महिन्यांतून एकदा एमडी मेडिसिनना दाखवायचं. पण पदवी हा उंबरठा आहे, आत काय आहे ते वेगळं बघावं लागतं. मी हे अनुभवानं शिकले आहे. आम्ही सांगलीहून पुण्यात आलो तेव्हा एका मोठ्या पदवीच्या, कायम भरलेल्या दवाखान्यात जायचो. यजमानांना ताप आला. तीन दिवस रोज गेलो, रोज इंजेक्शन, रोज तीन रंगांच्या गोळ्या. चौथ्या दिवशी त्यांना अन्नाचा वाससुद्धा सहन होईना. त्या दिवशी डॉक्टर लग्नाला गेलेले म्हणून नाइलाजानं समोरच्या बीएएमएस बाईंकडे गेलो. त्यांनी यजमानांना खुर्चीवरून उठवून खिडकीपाशी नेलं, उन्हाकडे तोंड करायला लावलं आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली. पांढऱ्याच्या जागी हळद. 'लघवीचा रंग कसा आहे?' असं तोवर आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. मग बाई म्हणाल्या, 'हे मी बघत बसणार नाही, आज रक्त तपासा आणि उद्या सकाळी फिजिशियनकडे जा,' आणि चिठ्ठी लिहून दिली. फी घेतली नाही. पुढची अठरा वर्षं आमचं घर त्यांच्याकडे होतं. कावीळ ओळखली हे तर होतंच, पण आपल्याला कुठे थांबायचं हे त्या बाईंना ठाऊक होतं.

नोंदणी मात्र बघाच, त्यात संकोच करायचं काही कारण नाही. एमबीबीएस आणि त्यापुढच्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, दर पाच वर्षांनी ती नूतनीकरण करावी लागते, आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून ती तपासता येते. बीएएमएसची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. हा क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असायलाच हवा. नसेल तर पुढचं काही बघू नका.

आता ज्याला मी खरी परीक्षा म्हणते ती. घरात सगळे ठणठणीत असताना, म्हणजे अंधारीचं निस्तरल्यावर, एका सकाळी आप्पांच्या सगळ्या गोळ्या चादरीवर मांडा. चालू असलेल्या, अर्ध्या राहिलेल्या, 'दुखलं तर घ्या' म्हणून दिलेल्या, गावाहून येताना आणलेल्या, शेजाऱ्यांनी सुचवलेलं चूर्णसुद्धा. प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं नाव असतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत खऱ्या औषधाचं. ती बारीक नावं चष्मा लावून वहीत उतरवा. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंच्या पिशवीत दोन वेगळ्या रंगांची पाकिटं निघाली, दोन वेगळी नावं, आणि खाली बारीक अक्षरांत दोन्हीकडे एकच बीपीचं औषध: टेल्मिसार्टन. एक हॉस्पिटलमधून घरी सोडताना दिलेलं, दुसरं आधीपासूनचं. दोघा डॉक्टरांपैकी चूक कुणाचीच नव्हती, एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं, इतकंच. काकू चार महिने दोन्ही घेत होत्या. गुडघ्यासाठी जी दुखणं थांबवायची गोळी मिळते तिचंही तसंच. बीपी असलेल्या, वय झालेल्या माणसानं ती रोज घेतली तर बीपी चढू शकतं आणि किडनीवर ताण येऊ शकतो. गुडघ्याच्या डॉक्टरांना आप्पांच्या बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही सांगितलं होतंत का? बहुधा त्यांनी विचारलंही नसेल.

ही सगळी पिशवी आणि ती वही घेऊन तुमच्या तीन नावांपैकी पहिल्या डॉक्टरांकडे जा. आधी फोन करून विचारा की निवांत वेळ कोणती, सांगा की वीस मिनिटं लागतील, आणि त्या वेळेची जी फी असेल ती द्या. 'आप्पांना आता इथेच दाखवायचं ठरवलंय, गोळ्या एकदा नजरेखालून घालाल का?' एवढंच म्हणा आणि गप्प बसून बघा.

पिशवीला हात न लावता 'हे सगळं बंद करा, मी लिहून देतो' म्हणणारा एक असतो. 'ज्यांनी दिल्यात त्यांनाच विचारा' म्हणणारा दुसरा. तुम्हाला हवा तो तिसरा, जो एकेक पाकीट उचलून बघतो, विचारतो की ही कशासाठी दिली होती, केव्हापासून घेता, सकाळी की रात्री, आणि मधेच एखादी बाजूला ठेवतो. एखाद्या गोळीबद्दल तो 'हिच्याबद्दल मी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांशी बोलून सांगतो' म्हणाला, तर माझ्या मते शोध तिथेच संपला. दुसऱ्या डॉक्टरांना फोन करायला ज्याला कमीपणा वाटत नाही, असा माणूस शहरात विरळा झाला आहे.

बीपी कसं बघतो हेही नीट बघा. दारातून आत आल्या आल्या, शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळून, तुमच्याशी गप्पा मारत मारत बीपी घेणारे खूप आहेत. नीट घेणारा आप्पांना पाचेक मिनिटं बसू देईल, बाही वर करायला लावेल, हात टेबलावर टेकवेल, बोलू नका म्हणेल, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा मोजेल. अंधारीचं ऐकून उभं करून मोजेल. मोजे काढायला लावून पाय बघेल, तळवे आणि बोटांच्या बेचक्या, कारण शुगरवाल्याची जखम तिथे लपते. डोळ्यांची तपासणी या वर्षात झाली का, किडनीसाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी केव्हा केली होती, लघवी तपासली का, हे विचारेल. यासाठी त्याला काही मशीन लागत नाही. वेळ तेवढा लागतो.

आणि पाणी कुठलं पिता, हे विचारतो का ते बघा. तुम्ही सिंहगड रस्त्याकडेच्या आहात, तुम्हाला २०२५ चा जानेवारी आठवत असेल. नांदेड गाव, किरकटवाडी, तुमची धायरी, या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. मोठ्या हॉस्पिटलात बसलेल्या तज्ज्ञाकडे एक पेशंट कोथरूडचा येतो, एक बारामतीचा. गल्लीतल्या डॉक्टरच्या बाकावर मात्र एकाच इमारतीतली चार पोरं एका आठवड्यात जुलाब घेऊन येतात, आणि टाकी बघा म्हणून सोसायटीला पहिला फोन तोच करू शकतो. डेंग्यूच्या दिवसांतही कुठल्या विंगमध्ये ताप फिरतोय हे त्याला आधी कळतं. 'थेट स्पेशालिस्टकडेच गेलेलं काय वाईट?' असं बरेच जण म्हणतात. वाईट काही नाही. फक्त स्पेशालिस्टला तुमच्या सोसायटीची टाकी दिसत नाही.

काही गोष्टी दिसल्या की मात्र पाय मागे घ्या. कागदाच्या पुडीत सुट्या, बिननावाच्या गोळ्या मिळाल्या तर नाव विचारा. पुष्कळ जुने सज्जन डॉक्टर अजून पुड्या देतात, आणि नाव विचारलं तर लिहूनही देतात. जो टाळेल त्याच्या पुडीतली गोळी आप्पांना देऊ नका. झटपट आराम पडावा म्हणून कोणी त्यात स्टेरॉइड घातलेलं असेल तर आप्पांची शुगर कुठल्या कुठे जाईल, आणि का गेली हे कुणालाच कळणार नाही. दुसरं, 'अशक्तपणा आहे, एक सलाईन लावू'. या सलाईनचं वेड आपल्याकडे पेशंटलाच जास्त आहे म्हणा. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. साखरेची बाटली असेल तर तिच्यात २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे पाचेक चमचे साखर. ज्याला उलट्या-जुलाबांनी तोंडावाटे काही ठरत नाही त्याला ती बाटली जीवदान असते. आप्पांसारख्या बीपी-शुगरवाल्या माणसाला 'ताकद यावी' म्हणून मीठ आणि साखर शिरेतून चढवायची, हे तुम्हीच बघा कसं वाटतंय ते.

तिसरी गोष्ट कट प्रॅक्टिसची. डॉक्टर पुढे पाठवतो आणि तिकडून त्याला पाकीट येतं, हे आता गुपित राहिलेलं नाही. २०१७ साली राज्य सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून त्याविरुद्ध कायद्याचा मसुदासुद्धा तयार करून घेतला होता. तुम्हाला मसुदा घेऊन जायचं नाहीये. फक्त विचारायचं, 'ही तपासणी आमच्या जवळच्या लॅबमध्ये केली तर चालेल ना?' एखाद्या खास लॅबचा आग्रह असेल तर त्याचं सरळ कारण मिळालं पाहिजे. तोंड वाकडं झालं, तर तुमच्या यादीत अजून दोन नावं आहेत.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मीही थोडक्यात लिहिते. लसी आणि वाढीचं बघायला बालरोगतज्ज्ञ आहेत ते तसेच राहू देत, सर्दी-खोकला, खरचटणं याच दवाखान्यात न्या. पोरीला लहानपणापासून एक डॉक्टर ओळखीचा झालेला बरा, सुईची भीती कमी होते.

राहता राहिले आप्पा. तुम्हाला वाटतंय ते हट्ट करतायत. माझे वडील सांगलीत एका दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचं काम मी लहानपणी सुट्टीत केलेलं आहे, खळ लावून. तिथले डॉक्टर पेशंटला नावानं ओळखत नसत, घरावरून ओळखत. 'गिरणीवाल्यांचा खोकला ना? पीठ उडतंय, तोंडाला फडकं बांध म्हणावं,' असं आतूनच सांगत. तीस वर्षं त्याच खुर्चीसमोर बसलेल्या आप्पांना नवा डॉक्टर फॉर्म भरायला देतो आणि 'नाव, वय, तक्रार?' विचारतो. बायको गेली, गाव सुटलं, आता ज्याला त्यांचं सगळं ठाऊक होतं तो डॉक्टरही दुरावला. 'इथल्या डॉक्टरला माझं काय कळणार' हे वाक्य मला तरी गोळ्यांबद्दलचं वाटत नाही.

म्हणून डॉक्टरकाकांना तोडू नका. त्यांना फोन करून एक पानाची हकिगत मागा: कुठला आजार केव्हापासून, कुठलं औषध सोसलं नाही, काय ऑपरेशन झालं, घराण्यात काय आहे. तसा पेशंटचा कागदपत्रांवर हक्कच असतो, डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार मागितल्यावर ७२ तासांत ती द्यावी लागतात. पण डॉक्टरकाकांना नियम सांगायला जाऊ नका, ते प्रेमानंच लिहून देतील. ते पत्र आप्पांच्या खिशात ठेवा, तुमच्या पर्समध्ये नको. नव्या डॉक्टरांच्या हातात ते आप्पांनी द्यायचं. वर्षातून एकदा, यात्रेला किंवा दिवाळीला गावी गेलात की काकांना भेटून यायचं, चहा प्यायचा, बीपी दाखवायचं. दर महिन्याला पाच-सहा तास एसटीत बसून जाण्यापेक्षा हे आप्पांनाही पटेल.

आणखी एक. ते यंत्रमागावर होते असं तुम्ही लिहिलंय. मागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसांना उतारवयात ऐकायला कमी येतं, आणि ती माणसं ते कबूल करत नाहीत, मान हलवतात. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत काहीतरी पुटपुटतो, आप्पा हो म्हणतात, आणि घरी आल्यावर 'त्याला काही कळत नाही' म्हणतात. असं होत असेल का, एकदा ताडून बघा. आत गेल्यावर तुम्ही आप्पांच्या मागच्या खुर्चीवर बसा आणि पहिली पाच मिनिटं बोलू नका. प्रश्न त्यांना विचारले गेले पाहिजेत, मोठ्यानं, तोंडाकडे बघून. डॉक्टर तुमच्याकडे वळून 'यांना काय होतंय?' म्हणाले, तर तुम्ही आप्पांकडे बघा. चांगल्या डॉक्टरला तेवढं पुरतं, तो खुर्ची त्यांच्याकडे सरकवतो.

तिघांपैकी कोणाला निवडायचं ते शेवटी आप्पांनाच ठरवू द्या. तुमचा कल पहिल्याकडे असेल आणि ते दुसऱ्याला म्हणाले, तर दुसरा. कदाचित कारण एवढंच असेल की तो कोल्हापूरकडचा निघाला आणि 'काय आप्पा, माग किती होते?' असं विचारलं त्यानं. चालेल. पदवी, नोंदणी आणि पिशवीची परीक्षा तुम्ही आधीच बघितलेली आहे.

हे सगळं व्हायला महिना-दीड महिना लागेल, घाई नाही. घाई फक्त अंधारीची आहे. उद्याच फोन करून वेळ घ्या, आणि उभं राहिल्यावर बीपी किती भरलं ते मला दोन ओळींत कळवा.